आई हयात असताना: बेतांकूर घराण्याच्या वारसावादाचा प्रकरण अभ्यास

१९ डिसेंबर २००७ रोजी पॅरिसला लागून असलेल्या नाँतेर इथं सरकारी वकिलांकडे एक फौजदारी तक्रार आली. तक्रारदार ५४ वर्षांची लेक. जिची फसवणूक होतेय असं तक्रारीत म्हटलं होतं ती तिची ८५ वर्षांची आई. वडील जाऊन बरोबर एक महिना झाला होता. आणि आईचं म्हणणं होतं की मला कुणी फसवलेलं नाही, पैसे माझे आहेत, मी कुणालाही देईन.

आई म्हणजे लॉरियलच्या मालकीणबाई लिलियान बेतांकूर. लेक फ्रांस्वाझ. हे प्रकरण फ्रान्समध्ये इतकं गाजलं की या दोघींची नावं लपवण्यात अर्थ नाही. बाकीच्यांचा उल्लेख मात्र मी कामावरूनच केला आहे: छायाचित्रकार, खानसामा, पैशांचा कारभारी, वकील. हवेलीत पगारावर राबणाऱ्या माणसांची नावं दहा वर्षं वर्तमानपत्रांत छापून आली, तेवढं त्यांना पुरे झालं असेल. वारसाहक्काची कागदपत्रं करणाऱ्या कुणालाही या प्रकरणात ओळखीची माणसं भेटतील, फक्त रकमेपुढची शून्यं जास्त आहेत.

पार्श्वभूमी

लिलियानचे वडील यूजेन शुलेर हे रसायनशास्त्रज्ञ. १९०९ मध्ये त्यांनी केसांच्या कलपाचा कारखाना काढला, तीच पुढे लॉरियल. लिलियान ५ वर्षांची असताना आई गेली. एकुलती एक मुलगी बापाच्या कारखान्यातच वाढली, तरुणपणी तिथं बाटल्यांना लेबलं लावण्याचं कामही तिनं केलं. १९५० मध्ये तिनं आंद्रे बेतांकूर यांच्याशी लग्न केलं. ते पुढे मंत्री झाले. १९५७ मध्ये वडील वारले आणि कंपनी तिच्याकडे आली. १९७४ मध्ये, डावे सत्तेवर आले तर राष्ट्रीयीकरण होईल या धास्तीनं, तिनं मालकीचा मोठा भाग स्विस कंपनी नेस्लेच्या शेअर्सशी अदलाबदल करून सुरक्षित केला.

लेक वेगळ्याच धाटणीची. पियानो वाजवणारी, ग्रीक देवदेवतांवर आणि बायबलवर जाड पुस्तकं लिहिणारी, समारंभांत कोपरा धरून बसणारी. आईला माणसांची, चित्रांची, चटपटीत बोलण्याची आवड. दोघींचं कधीच फारसं जमलं नाही, असं घरचे नोकरही सांगत.

१९८७ मध्ये एका मासिकासाठी लिलियानचे फोटो काढायला छायाचित्रकार आला. वयानं तो तिच्यापेक्षा जवळपास पंचवीस वर्षांनी लहान. फटकळ, हजरजबाबी, कादंबऱ्याही लिहिणारा, पॅरिसच्या कलावंत वर्तुळात सगळ्यांना ठाऊक असलेला. तो बाईंना हसवायचा, त्यांच्याशी वाद घालायचा, इतर कुणी बोलायला धजणार नाही असं बोलायचा. पतीलाही या मैत्रीत गैर वाटत नव्हतं. भेटी देणं सुरू झालं आणि वाढत गेलं: पिकासो आणि मातीस यांची चित्रं, रोख रकमा, घरं, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आयुर्विम्याच्या पॉलिसी. २००३ आणि २००६ या दोन वर्षांतल्या दोन पॉलिसीच प्रत्येकी २५ कोटी युरोंच्या वर होत्या. लेकीच्या तक्रारीत एकूण आकडा जवळपास १०० कोटी युरो होता.

पेच नेमका कुठे होता

पहिल्यांदा वाचताना वाटतं, लेकीला तिच्या वाट्याची काळजी. तसं नव्हतं, निदान सरळसरळ तसं नव्हतं. १९९२ मध्येच लिलियाननं आपल्या बहुतेक शेअर्सची नुसती मालकी लेकीच्या नावे केली होती आणि स्वतःकडे हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क ठेवला होता. म्हणजे लाभांश आईचा, मतदान आईचं, पण शेअर्स कुणाला विकायचे नाहीत आणि कुणाला द्यायचे नाहीत. आपल्याकडे वडील घर मुलाच्या नावावर करतात आणि ‘मी असेपर्यंत मीच राहणार’ अशी अट घालतात, साधारण तसंच.

शिवाय फ्रेंच कायद्यात मुलांना वारसातून काढून टाकताच येत नाही. एकच अपत्य असेल तर निम्मी मालमत्ता त्याच्यासाठी राखीव, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. उरलेल्या भागाचं मालकानं काहीही करावं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटेल, कारण स्वकष्टार्जित मालमत्ता आपल्यापैकी बहुतेकांना मृत्युपत्रानं कुणालाही देता येते. गोव्यातल्या वाचकाला मुळीच वाटणार नाही. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा तिथं आजही असाच आहे: निम्म्यावर वारसांचा हक्क पक्का, मृत्युपत्र फक्त उरलेल्या निम्म्याचं.

पण या भिंतीला एक खिडकी आहे. फ्रान्समध्ये आयुर्विम्याची रक्कम वारसाच्या हिशेबात धरली जात नाही. ज्याचं नाव पॉलिसीत, त्याला ती थेट मिळते. हप्ते मालकाच्या ऐपतीच्या मानानं उघडउघड अवाच्या सवा असतील तरच वारसांना बोलता येतं, आणि एवढ्या संपत्तीपुढे २५ कोटी युरो अवाच्या सवा ठरवायचे कसे? ज्या कुणी सल्लागारानं विम्याचा रस्ता दाखवला, त्याला कायदा चांगला माहीत होता.

मग लेक अचानक २००७ मध्येच का उठली? वडिलांच्या निधनानंतर घरातल्या एका मोलकरणीनं तिला सांगितलं की छायाचित्रकार बाईंकडे दत्तक घेण्याविषयी बोलताना ऐकला. साठीच्या माणसाला दत्तक? आपल्याला हसू येईल, पण फ्रान्समध्ये सज्ञान माणसाला दत्तक घेता येतं. तसं झालं असतं तर वारस एकाचे दोन झाले असते आणि त्याच्यासाठीही राखीव वाटा तयार झाला असता. नोकराचाकरांच्या कानावर पडलेलं एक वाक्य, त्यावरून पुढची दहा वर्षं. त्याच डिसेंबरात आईनं मृत्युपत्रात छायाचित्रकाराला उरलेल्या संपत्तीचा सर्वस्वी वारस नेमलं, हे लेकीला तेव्हा ठाऊक नव्हतं.

समोरचे मार्ग

गप्प बसणं हा एक मार्ग होता, आणि हिशेबाच्या दृष्टीनं तोच सगळ्यात स्वस्त. शेअर्स सुरक्षित होते. बाकी जे जाईल ते जाईल.

दुसरा, भेटी रद्द करवून घेण्याचा दिवाणी दावा. तो उपलब्धच नव्हता. राखीव वाट्याला धक्का लागला म्हणून मुलांना दाद मागता येते ती दात्याच्या मृत्यूनंतर. तोवर मुलांचा हक्क हा फक्त आशेचा.

तिसरा मार्ग म्हणजे न्यायालयाकडून आईवर पालक नेमून घेणं. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी होती, पण इथं एक चाप आहे. सरकारी यादीतल्या डॉक्टरानं तपासून दिलेलं प्रमाणपत्र असल्याशिवाय पालकत्वाचा अर्ज टिकत नाही. आणि ज्या माणसाला तपासून घ्यायचंच नाही, त्याला कुणी ओढून नेऊ शकत नाही. बाईंनी ठाम नकार दिला. पुढे लेकीनं हा अर्ज केला तेव्हा तो नेमका याच कारणानं फेटाळला गेला. ज्याची शुद्ध हरपली आहे हे सिद्ध करायचं, त्याच्याच परवानगीनं ते सिद्ध करायचं, असा तो गुंता.

चौथा, फौजदारी तक्रार. ‘दुर्बलतेचा गैरफायदा घेणे’ हा फ्रेंच दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. वय, आजार किंवा मानसिक अवस्थेमुळे हतबल झालेल्या माणसाकडून त्याच्या नुकसानीचं काही करून घेणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ३,७५,००० युरो दंड. यात आईच्या संमतीची गरज नाही. फ्रांस्वाझनं हा मार्ग निवडला.

निवड कायद्याच्या चौकटीत बसत होती. तिची किंमत अशी की फौजदारी खटल्यात आईची बुद्धी हाच मुख्य पुरावा बनतो. प्रत्येक सहीच्या दिवशी बाईंना काय कळत होतं, याची चिरफाड भर न्यायालयात व्हायची. आणि आईच्या नजरेत ही लेकीची तक्रार छायाचित्रकाराविरुद्ध नव्हतीच, तिच्याविरुद्ध होती: माझी आई वेडी झाली आहे, असं लेक जगाला सांगतेय.

काय केलं गेलं

आईनं दार बंद केलं. भेटीगाठी थांबल्या. नंतर हवेलीत सूड उगवायला सुरुवात झाली. पोलिसांसमोर लेकीच्या बाजूनं जबाब देणाऱ्या नोकरांना एकेक करून कामावरून काढलं गेलं. ज्यांनी वर्षानुवर्षं बाईंचं ताट वाढलं, हिशेब लिहिले, त्यांना.

नाँतेरमध्ये प्रकरण दोन वर्षं घुटमळत राहिलं. सरकारी वकिलांना गुन्हा घडल्याचं दिसत नव्हतं. लेकीच्या वकिलांनी त्यांना वगळून २००९ मध्ये थेट न्यायालयात खटला नेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारी वकिलांनी आपली चौकशी बंद केली. ज्या न्यायाधीशबाईंपुढे खटला आला त्यांचं आणि सरकारी वकिलांचं वैर न्यायालयाच्या इमारतीत सर्वांना माहीत होतं. दोघंही एकाच प्रकरणाचे दोन वेगळे तपास चालवू लागले. लेकीच्या बाजूला तेव्हा कायदा होता, संशय होता, जबाब होते. पुरावा नव्हता.

तो खानसाम्याकडून आला.

मे २००९ पासून मे २०१० पर्यंत हा माणूस बाईंच्या बैठकीच्या खोलीत एक लहानसा डिक्टाफोन ठेवत राहिला. चहापाणी आत नेताना ठेवायचा, पाहुणे गेल्यावर आवराआवर करताना उचलायचा. बाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे पैशांचा कारभारी, वकील, नोटरी सगळे त्यांच्याशी मोठ्यानं, शब्द तोडून तोडून बोलायचे. दुसऱ्या एखाद्या घरात खुर्चीमागच्या यंत्राला खुसपुस ऐकू आली असती. इथं शब्दन् शब्द टिपला गेला. वर्षभरात जवळपास २१ तासांचं संभाषण जमलं. नोकरीवरून काढलेल्या सहकाऱ्यांचं काय झालं ते मी पाहिलं होतं, स्वतःच्या बचावासाठी हे केलं, असं त्यानं नंतर सांगितलं.

त्या ध्वनिफितींत एक जागा अशी आहे की तिथं थांबावंच लागतं. २०१० च्या मार्चमध्ये नोटरी बाईंना आठवण करून देतो की तुम्ही छायाचित्रकाराला तुमचा सर्वस्वी वारस नेमलेलं आहे. बाईंना ते ठाऊक असल्यासारखं वाटत नाही. त्या विचारत राहतात, समोरचा समजावत राहतो. डॉक्टरी प्रमाणपत्रानं सव्वादोन वर्षांत जे सिद्ध झालं नव्हतं ते या काही मिनिटांत ऐकू येतं.

खानसाम्यानं हे सगळं लेकीला आणून दिलं. आता तिच्यापुढे दुसरा निर्णय होता, आणि मला तो पहिल्याहून अवघड वाटतो. त्या फितींत फक्त छायाचित्रकार नव्हता. स्विस बँकांतली करखात्याला न दाखवलेली सुमारे ८ कोटी युरोंची खाती होती. सेशेल्समधलं आरोस नावाचं बेट होतं, तेही अघोषित. अर्थसंकल्पमंत्री एरिक वर्थ यांचं नाव होतं, ज्यांच्या पत्नी बाईंची संपत्ती सांभाळणाऱ्या कार्यालयात नोकरीला होत्या. पोलिसांकडे फिती गेल्या की आईचे सगळे व्यवहार करखात्यापुढे उघडे पडणार, म्हणजे एका अर्थी आपल्याच घराची झडती घ्यायला सांगणं. फ्रांस्वाझनं त्या उतरवून घेतल्या आणि जून २०१० मध्ये पोलिसांना दिल्या. काही दिवसांतच त्यांतले उतारे मेदियापार या वृत्तसंकेतस्थळावर आले.

पुढचे सहा महिने हे प्रकरण घराण्याचं राहिलंच नाही, सरकारचं झालं. हवेलीच्या जुन्या हिशेबनीस बाईंनी निवडणूक काळात पुढाऱ्यांना गेलेल्या रोख रकमांविषयी सांगितलं. वर्थ मंत्रिमंडळातून बाहेर पडले. आधी तेव्हाचे अध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या निवडणूक खर्चाची चौकशी लागली, आणि २०१३ मध्ये, अध्यक्षपद गेल्यावर, खुद्द त्यांच्यावरही संशयित म्हणून तपास झाला; तो त्याच वर्षी पुराव्याअभावी बंद झाला. वर्थही २०१५ मध्ये निर्दोष सुटले. नाँतेरमधला वकील-न्यायाधीश वाद इतका चिघळला की नोव्हेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळं प्रकरण उचलून बोर्दो शहरातल्या न्यायालयाकडे हलवलं.

त्याच धामधुमीत, ६ डिसेंबर २०१० रोजी, मायलेकींनी समेट केला. आईनं त्याआधीच छायाचित्रकाराला वारसपदावरून काढलं होतं. त्यानं विम्याच्या पॉलिसींवरचा हक्क सोडला, लेकीनं तक्रारी मागे घेतल्या. वर्तमानपत्रांनी ‘शेवट गोड’ छापलं. मात्र फ्रान्समध्ये तक्रारदारानं अंग काढून घेतलं म्हणून फौजदारी खटला संपत नाही. बोर्दोचा तपास चालूच राहिला.

आणि समेटात एक भोक राहिलं होतं. बाईंनी एक कागद करून ठेवला होता: उद्या माझी शुद्ध हरपली तर माझा कारभार माझ्या वकिलानं पाहावा. २००९ पासून फ्रान्समध्ये असा कागद करता येतो, आणि मुळात ही सोय चांगली आहे. पण हा वकील कारभारी झाल्यावर बाईंचे १४ कोटी युरोंहून जास्त पैसे एका उद्योजकाच्या कंपनीत गेले, आणि तो उद्योजक त्याच वकिलाचा अशील होता. छायाचित्रकार बाहेर गेला, खुर्ची रिकामी राहिली नाही. २०११ च्या उन्हाळ्यात मायलेकी पुन्हा न्यायालयात उभ्या राहिल्या.

या वेळी वैद्यकीय अहवाल होता. १७ ऑक्टोबर २०११ रोजी कूर्बव्वाच्या न्यायाधीशांनी लिलियानला पालकत्वाखाली आणलं. मालमत्तेचा कारभार लेक आणि दोन नातवंडांकडे, बाईंच्या देखभालीची जबाबदारी थोरला नातू झाँ-व्हिक्तोर याच्याकडे.

निष्पन्न काय झालं

बोर्दोत २८ मे २०१५ रोजी निकाल लागला. बाईंची अवस्था सप्टेंबर २००६ पासून दुर्बल होती, असं न्यायालयानं धरलं; त्या वर्षी त्या पडल्या होत्या आणि रुग्णालयात होत्या. छायाचित्रकाराला तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले सहा महिने स्थगित, शिवाय ३,५०,००० युरो दंड आणि १५ कोटी ८० लाख युरो भरपाई. पैशांचा कारभारीही दोषी ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलात छायाचित्रकाराची शिक्षा चार वर्षं झाली खरी, पण सगळीच्या सगळी स्थगित. दंड ३,७५,००० युरो. आणि १५ कोटी ८० लाखांची भरपाई उडाली.

गुन्हा सिद्ध, तुरुंग नाही, भरपाई नाही. सूड म्हणून पाहिलं तर फारच पातळ. पण विम्याच्या पॉलिसी तर आधीच, डिसेंबर २०१० च्या समेटात, परत आल्या होत्या. सगळ्यात जास्त पैसा वाचवला तो एका खासगी करारानं.

खानसाम्यावर आणि पत्रकारांवर खासगीपणाचा भंग केल्याचा खटला चालला. २०१६ मध्ये ते निर्दोष सुटले, २०१७ च्या सप्टेंबरात अपिलातही तेच कायम राहिलं. त्याच महिन्यात, २१ तारखेला, लिलियान बेतांकूर वारल्या. वय ९४.

काय वेगळं करता आलं असतं

लेकीच्या बाजूनं पाहिलं तर २००७ ची घाई खुपते. वडील हयात होते तोवर तिच्याकडे घरातला एक माणूस होता ज्याचं आई ऐकत असे. भेटींचा आकडा फुगत होता तो काळ नेमका तोच. तेव्हा बोललं गेलं नाही, आणि ते गेल्यावर महिनाभरात सरकारी वकिलांकडे. आईच्या डोळ्यांपुढे दुखवटा आणि तक्रार एकाच वेळी आले.

आईच्या बाजूनं पाहिलं तर एक साधी गोष्ट राहून गेली. एवढ्या मोठ्या भेटी देताना प्रत्येक वेळी आपल्या मर्जीच्या, पण छायाचित्रकाराशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घेतली असती, तर एकतर तिचं स्वातंत्र्य सिद्ध झालं असतं किंवा तिला स्वतःलाच वेळेवर कळलं असतं. आपल्याकडे वृद्ध मंडळींची मृत्युपत्रं करताना डॉक्टरचा दाखला जोडायची पद्धत आहे. बक्षीसपत्राला मात्र तो कुणी जोडत नाही, जणू दुय्यम निबंधकासमोर फोटो काढला की शुद्ध सिद्ध झाली. भारतीय करार कायद्याच्या कलम १६ मध्ये वय आणि आजारानं मन कमकुवत झालेल्या माणसावरच्या अनुचित प्रभावाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो वापरायला आपण बहुधा माणूस गेल्यावर जातो.

सल्लागारांविषयी बोलायचं तर, नोटरी, वकील, कारभारी, यांतल्या प्रत्येकाला बाईंनी पैसे दिले आणि त्यांतल्या एकानंही खुर्ची मागे सरकवून ‘आज सही नको’ म्हटल्याचं त्या २१ तासांत ऐकू येत नाही.

आणि १९९२ चा कागद. लिलियान वारल्या त्या दिवशी उपभोगाचा हक्क त्यांच्याबरोबर संपला आणि लॉरियलचे शेअर्स लेकीकडे पूर्ण मालकीनं आले. त्यासाठी बोर्दो लागलं नाही, नाँतेर लागलं नाही. मायलेकींनी तो कागद केला तेव्हा छायाचित्रकार पाच वर्षांपासून घरी येत-जात होता, आणि दोघी एकमेकींशी बोलत होत्या.